आयगरचा उत्तर कडा : एक बंदी आणि तिच्यानंतर

स्वित्झर्लंडमधल्या बर्न कॅन्टनच्या सरकारने १९३६ च्या उन्हाळ्यात आयगर पर्वताच्या उत्तर कड्यावर चढण्यास बंदी घातली. पवित्र मानलेली शिखरे, सरहद्दीवरची शिखरे, राजाच्या शिकारीसाठी राखलेली राने माणसांना बंद असल्याचे दाखले जुने आहेत. आयगरच्या बाबतीत यांतले कोणतेच कारण नव्हते. तिथे चढणारी माणसे मरत होती. त्यांना अडवावे की जाऊ द्यावे, या प्रश्नाचे उत्तर एका सरकारला हुकूम काढून द्यावे लागले. तो हुकूम काही महिन्यांतच मागे घेतला गेला. त्याच्या जागी आलेला दुसरा निर्णय लांबीने लहान आणि गाजावाजाविना झालेला होता, पण प्रश्नाचे मर्म त्यातच पकडले गेले होते.

वाद मात्र त्याहून जुना होता. आल्प्समधली शिखरे केवळ चढण्याच्या हौसेखातर चढण्याची लाट एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास आली. लंडनमध्ये आल्पाइन क्लब १८५७ मध्ये स्थापन झाला. त्यानंतर दोनच वर्षांनी जॉन स्टुअर्ट मिलचा स्वातंत्र्यावरचा निबंध प्रसिद्ध झाला. ज्या कृतीने दुसऱ्याचे नुकसान होत नाही त्या कृतीत समाजाने हात घालू नये, हे मिलचे म्हणणे पुढे आपल्याकडे आगरकरांच्या पिढीनेही मनापासून स्वीकारले. डोंगर चढणारा माणूस या तत्त्वात चपखल बसतो असे वरवर पाहता वाटते, कारण कड्यावरून पडला तर तो स्वतःच पडतो. प्रत्यक्षात तो क्वचितच एकटा असे. त्याच्या पुढे दोर घेऊन चालणारा एक गाइड असे. हा गाइड झेरमाट, शामोनी किंवा ग्रिंडेलवाल्डचा गावकरी असे, आणि घर चालवण्यासाठी उन्हाळ्याचे चार महिने तो परदेशी पाहुण्यांना शिखरावर नेई.

१४ जुलै १८६५ रोजी मॅटरहॉर्नवर पहिल्यांदा माणसे पोहोचली, तेव्हा हे ठळकपणे दिसले. एडवर्ड व्हिम्पर, चार्ल्स हडसन, लॉर्ड फ्रान्सिस डग्लस आणि डग्लस हॅडो या चार इंग्रजांबरोबर शामोनीचा मिशेल क्रो आणि झेरमाटचे पीटर टाउगवाल्डर पितापुत्र असे तीन गाइड होते. उतरताना हॅडोचा पाय घसरला. एकोणीस वर्षांच्या या तरुणाला अशा चढाईचा पुरेसा अनुभव नव्हता. तो क्रोवर आदळला, दोघांच्या ओढीने हडसन आणि डग्लसही गेले. थोरला टाउगवाल्डर आणि डग्लस यांच्यामधला दोर तुटला आणि उरलेले तिघे वाचले. डग्लसचा मृतदेह कधीच सापडला नाही. झेरमाटला चौकशी झाली. दोर कापल्याचा संशय टाउगवाल्डरवर घेतला गेला आणि चौकशीत तो निर्दोष ठरला, तरी कुजबुज त्याच्यामागे आयुष्यभर राहिली. लंडनच्या वृत्तपत्रांनी उच्चकुलीन इंग्रजांनी असे जीव धोक्यात घालावेत का, यावर जळजळीत अग्रलेख लिहिले. पाहुण्याची चूक सावरताना मेलेल्या क्रोचा विचार त्या अग्रलेखांच्या केंद्रस्थानी नव्हता.

१८८२ च्या उन्हाळ्यात आल्प्समध्ये पुन्हा एकापाठोपाठ अपघात झाले. केंब्रिजचे नामांकित भ्रूणशास्त्रज्ञ फ्रान्सिस बाल्फर, विल्यम पेनहॉल आणि गॅबेट हे तिघे इंग्रज वेगवेगळ्या शिखरांवर मरण पावले. राणी व्हिक्टोरियाने आपल्या चिटणिसामार्फत पंतप्रधान ग्लॅडस्टनकडे विचारणा केली की, या धोकादायक चढायांविषयी आपण जाहीरपणे नापसंती दाखवावी का. ग्लॅडस्टनने तसे न करण्याचा सल्ला दिला आणि प्रकरण तिथेच मिटले. बाल्फरबरोबर योहान पेट्रुस, पेनहॉलबरोबर आंद्रेआस माउरर आणि गॅबेटबरोबर लॉखमाटर व त्याचा मुलगा, असे चार गाइडही त्या उन्हाळ्यात गेले होते. इंग्लंडच्या राणीला आपल्या प्रजाजनांची काळजी वाटली हे साहजिक आहे. पण या गाइडांच्या घरांसाठी दाद मागायला लंडनमध्ये कोणी नव्हते, आणि धोक्याच्या स्वातंत्र्याचा सारा वाद पुढची पन्नास वर्षे हा भाग वगळूनच चालला.

आयगर बर्नच्या आग्नेयेला, ग्रिंडेलवाल्ड गावाच्या डोक्यावर उभा आहे. उंची ३,९६७ मीटर. आल्प्समधली कित्येक शिखरे याहून उंच आहेत, आणि आयगरच्या माथ्यावर पोहोचणे हे फार मोठे कोडे नव्हते. चार्ल्स बॅरिंग्टन हा आयरिश माणूस क्रिस्टियान आल्मर आणि पीटर बोरेन या गाइडांसह ११ ऑगस्ट १८५८ रोजी पश्चिमेच्या उतारावरून वर गेला. ईशान्येकडची मित्तेलेगी धार १९२१ मध्ये जपानच्या युको माकी यांनी तीन स्विस गाइडांबरोबर सर केली. उरला होता तो उत्तरेकडचा कडा.

सुमारे अठराशे मीटरची ही चुनखडकाची भिंत मधोमध आत दबलेली आहे. तिच्यावर सूर्य फार थोडा वेळ येतो. खडकातल्या भेगांत गोठलेला बर्फ दगडांना धरून ठेवतो. दुपारी वरच्या भागावर ऊन पडले की तो सुटतो आणि दगडांचा मारा सुरू होतो. वायव्येकडून येणारे वादळ आल्प्सच्या ज्या पहिल्या अडसरांवर आदळते त्यांतला आयगर एक. दरीत लख्ख ऊन असताना कड्यावर हिमवादळ चाललेले असू शकते. खालच्या भागात खडक ओला आणि गुळगुळीत, मधे तीन हिमतक्ते, वर एक तिरकी घळ आणि त्याहून वर चहूबाजूंना पांढरे पाय पसरलेला हिमाचा एक तुकडा, ज्याला गिर्यारोहक ‘पांढरा कोळी’ म्हणतात. वरच्या साऱ्या घळींतून सुटणारे दगड आणि हिम या कोळ्यातून खाली येते, आणि माथ्याकडे जाणारी वाटही त्यातूनच जाते.

या कड्याचे आणखी एक वैशिष्ट्य माणसांनी निर्माण केले. त्याच्या पायथ्यालगत क्लाइने शायडेग या खिंडीत हॉटेले आहेत, आणि त्यांच्या गच्चीवर ठेवलेल्या दुर्बिणींतून कड्याचा जवळजवळ प्रत्येक भाग दिसतो. शिवाय युंगफ्राउची रेल्वे आयगरच्या पोटातून गेली आहे. १८९६ मध्ये सुरू झालेले हे काम १९१२ मध्ये पूर्ण झाले. बोगद्यातून थेट उत्तर कड्यात उघडणारी एक खिडकी प्रवाशांना देखावा पाहण्यासाठी ठेवलेली होती. त्याखेरीज बोगदा खणताना निघालेले दगड बाहेर टाकण्यासाठी ठेवलेले एक दारही होते. जगातल्या सर्वांत कठीण कड्यांपैकी एकावर मरणारा माणूस कॉफी घेता घेता पाहता येईल, अशी ही जागा होती. हिमालयात नंगा पर्बतवर १९३४ आणि १९३७ मध्ये आयगरपेक्षा कितीतरी अधिक माणसे मेली; तिथे बंदीची अशी मागणी उठली नाही. आयगरवर सरकारला हात घालावा लागला त्यात या दुर्बिणींचा मोठा वाटा आहे.

पहिल्या महायुद्धानंतर चढणारी माणसेही बदलली. म्युनिक, इन्सब्रुक, व्हिएन्ना इथले कामगार आणि बेकार तरुण डोंगरांत येऊ लागले. गाइड घेण्याइतका पैसा त्यांच्याकडे नव्हता, आणि त्यांना तो नकोही होता. खडकात ठोकायच्या मेखा, दोर अडकवायच्या कड्या म्हणजे कॅराबिनर आणि दोराच्या ताणावर आडवे सरकण्याची युक्ती यांच्या बळावर ते जुन्या पिढीने अशक्य म्हणून सोडून दिलेले कडे चढू लागले. १९३१ मध्ये फ्रान्झ आणि टोनी श्मिड हे भाऊ म्युनिकहून सायकलवर झेरमाटला आले आणि त्यांनी मॅटरहॉर्नचा उत्तर कडा सर केला. पुढच्या वर्षी लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकमध्ये या चढाईला सुवर्णपदक जाहीर झाले. लंडनच्या आल्पाइन क्लबमधल्या ज्येष्ठांना हे सारे मान्य नव्हते. क्लबच्या मुखपत्राचे संपादक आणि पुढे क्लबचे अध्यक्ष झालेले कर्नल स्ट्रट यांनी आयगरच्या उत्तर कड्यामागे लागलेल्यांना मनोरुग्णांच्या पंक्तीत बसवले. गाइड नेमण्याची ऐपत असलेल्यांनी गाइडविना येणाऱ्यांवर केलेला हा रोष होता. न्याय्य चिंता आणि वर्गाभिमान त्यात इतके मिसळले आहेत की दोन्ही वेगळे करणे अवघड आहे.

ऑगस्ट १९३५ मध्ये म्युनिकचे माक्स झेडलमायर आणि कार्ल मेरिंगर हे दोघे उत्तर कड्यावर गेले. २१ तारखेला त्यांनी चढाई सुरू केली. पहिल्या दिवशी ते वेगाने वर गेले, पुढे वेग मंदावला, मग वादळ आले. २५ तारखेला ढग क्षणभर फाटले तेव्हा ते सुमारे ३,३०० मीटर उंचीवर हलताना दिसले. त्यानंतर जिवंत कधीच दिसले नाहीत. काही आठवड्यांनी वैमानिक अर्न्स्ट उडेट आणि गाइड फ्रिट्झ श्टॉयरी विमानातून कड्याजवळ गेले, तेव्हा हिमात गुडघ्यापर्यंत रुतून उभा गोठलेला एक देह त्यांना दिसला. त्या जागेला ‘मृत्यूचा मुक्काम’ हे नाव पडले ते कायमचे.

या मृत्यूंनंतर ग्रिंडेलवाल्डच्या गाइडांचा प्रमुख बोरेन याने बर्नमधल्या गाइड-समितीला आणि स्विस आल्पाइन क्लबला एक पत्र लिहिले. अशा चढाया करणाऱ्यांना आपण कोणता धोका पत्करतो आहोत याची जाणीव असते, हे त्याने मान्य केले. मात्र पुन्हा अपघात झाला तर खराब परिस्थितीत गाइडांना सुटकेसाठी कड्यावर पाठवण्याची अपेक्षा कोणी करू नये, असे त्याने बजावले. दुसरे लोक स्वखुशीने जी कसरत करतात, तीत आपल्या गाइडांनी सक्तीने भाग घ्यावा असे सांगणे आपल्याला अशक्य आहे, असा त्याचा युक्तिवाद होता. या साऱ्या प्रकरणातला सर्वांत विचारपूर्वक लिहिलेला कागद हाच म्हणावा लागेल. बोरेनने चढणाऱ्यांना नावे ठेवली नाहीत आणि त्यांना अडवा असेही म्हटले नाही. त्यांच्या स्वातंत्र्याची किंमत तिसऱ्याकडून सक्तीने वसूल होऊ नये, एवढेच त्याचे म्हणणे होते.

पुढच्या उन्हाळ्यात चौघे आले. टोनी कुर्त्स आणि आंद्रेआस हिंटरस्टॉयसर हे बव्हेरियातले, जर्मन सैन्याच्या डोंगरी पलटणीतले जवान. विली आंगेरर आणि एडी रायनर हे ऑस्ट्रियाचे. १९३८ मध्ये हा कडा सर करणाऱ्यांपैकी एक असलेल्या हाइनरिश हारर यांनी पुढे लिहिले आहे की, कुर्त्स आणि हिंटरस्टॉयसर यांच्या लष्करी वरिष्ठांनी चढाई करू नये असा हुकूम ग्रिंडेलवाल्डला कळवला होता, पण तो पोहोचेपर्यंत दोघे कड्यावर गेलेले होते. १८ जुलै १९३६ रोजी दोन्ही जोड्या चढू लागल्या आणि कड्यावरच एकत्र झाल्या. एका गुळगुळीत खडकापाशी वाट खुंटली, तेव्हा हिंटरस्टॉयसर दोराच्या ताणावर झुलत आडवा पलीकडे गेला आणि बाकीचे त्याच्यामागून गेले. शेवटचा माणूस पार झाल्यावर त्यांनी तो दोर ओढून घेतला. परतायचे झाले तर तो लागेल, हे त्यांच्या लक्षात आले नाही, किंवा परतावे लागेल असे त्यांना वाटले नाही.

दगड लागून आंगेररचे डोके फुटले. तिसऱ्या दिवशी त्याला घेऊन चौघांनी माघार घेतली. २१ जुलैला ते त्या आडव्या खडकापाशी आले तेव्हा त्यावर बर्फाचा पातळ थर चढला होता. हिंटरस्टॉयसरने कितीतरी वेळ खटपट केली, पण पलीकडे जाता येईना. उरला एकच मार्ग, सरळ खाली दोरावरून उतरण्याचा. दुपारी रेल्वेचा रखवालदार आल्बर्ट फॉन आल्मेन याने बोगद्याचे दार उघडून हाक दिली. वरून चौघांनी आनंदाने ओ दिली. तो आत जाऊन त्यांच्यासाठी चहा करू लागला. बराच वेळ कोणी आले नाही म्हणून त्याने पुन्हा दार उघडले, तेव्हा मदतीसाठी ओरडणारा एकच आवाज येत होता. कड्यावरून सुटलेल्या हिमाने हिंटरस्टॉयसरला खाली नेले होते, आंगेरर दोरात गुरफटून मेला होता आणि रायनर दोराने वर ओढला जाऊन अडकून गोठला होता. मधोमध दोरावर लटकत कुर्त्स जिवंत होता.

आल्मेनने फोन केला. जवळच्या स्टेशनावर असलेले हान्स श्लुनेगर, क्रिस्टियान रूबी आणि आडोल्फ रूबी हे गाइड खास गाडीने बोगद्यात आले आणि कोणाच्या हुकुमाची वाट न पाहता त्या दारातून कड्यावर उतरले. बोरेनच्या पत्राप्रमाणे त्यांना नाही म्हणता आले असते. हिमवर्षाव आणि दगडांच्या माऱ्यातून ते कुर्त्सच्या हाकेच्या टप्प्यात पोहोचले, पण अंधार पडू लागला होता. रात्र काढ, पहाटे येतो, असे सांगून ते परत गेले. कुर्त्स ती रात्र दोरावर लटकत राहिला. त्याचा डावा हात गोठून गेला.

२२ तारखेला आर्नोल्ड ग्लाटहार्डही आला आणि चौघे गाइड कुर्त्सच्या खाली पोहोचले. कडा पुढे झुकलेला असल्याने त्याला हात लावता येत नव्हता आणि वर दोरही फेकता येत नव्हता. एका हाताने कुर्त्स खाली आंगेररच्या देहापर्यंत गेला, तो कापून मोकळा केला, मिळालेला दोर घेऊन पुन्हा वर आला, गोठलेल्या दोराचे पेड दातांनी आणि एका हाताने सोडवले आणि त्यांची लांब दोरी करून खाली सोडली. यात कित्येक तास गेले. गाइडांनी त्या दोरीला दोर आणि मेखा बांधल्या. एक दोर पुरेना म्हणून दुसरा त्याला गाठ मारून जोडला. कुर्त्स त्यावरून उतरू लागला आणि ती गाठ त्याच्या कॅराबिनरमध्ये अडकली. गाइडांच्या डोक्यावर काही हातांवर तो लटकत होता. गाठ पुढे सरकवण्याइतकी ताकद त्याच्यात उरली नव्हती. आता होत नाही, असे म्हणून त्याने प्राण सोडला.

या घटनेने युरोप हादरला. वृत्तपत्रांनी वर्षभरात गेलेल्या सहा जणांचा हिशेब मांडला आणि बर्न सरकारवर दडपण आले. बंदी निघाली ती याच वातावरणात. तिच्यामागचा कळवळा खरा होता, पण उपाय चुकीच्या ठिकाणी लावला गेला. ही बंदी राबवणार कोण, हा पहिला प्रश्न होता. पहाटे दोनला अंधारात कड्याखाली गेलेल्या जोडीला पकडायला पोलिसाला तिच्यामागे कड्यावरच जावे लागले असते. दंडाचे भय घालावे, तर ज्याने जिवाची बाजी लावली आहे त्याला दंडाची काय मातब्बरी? आणि कायद्याच्या दृष्टीनेही पाया ठिसूळ होता. स्वतःचा जीव धोक्यात घालणे हा अपराध ठरवायचा, तर तो एकाच डोंगराच्या एकाच बाजूने का ठरवायचा, मित्तेलेगीच्या धारेवर किंवा मॅटरहॉर्नवर मेलेल्यांचे काय, याला उत्तर नव्हते. काही महिन्यांतच बंदी उठवली गेली.

१९३७ मध्ये त्याच सरकारने नवा ठराव केला. त्याचा रोख चढणाऱ्यांकडून सुटका करणाऱ्यांकडे वळला होता. उत्तर कड्यावर जाऊ पाहणाऱ्यांना तिथल्या बचाव केंद्राच्या प्रमुखाने स्पष्ट बजावावे की, अपघात झाला तर मदत येईलच असे गृहीत धरू नये. पथक पाठवायचे की नाही हे त्या प्रमुखाने परिस्थिती पाहून ठरवावे. म्हणजे बोरेनचे म्हणणे बर्नने उशिरा का होईना, स्वीकारले. कोणी म्हणेल की मरणाऱ्या माणसाला मदत नाकारण्याची ही मुभा कठोर आहे. पण सक्तीने कड्यावर पाठवलेला गाइड मेला तर तो सरकारने घेतलेला बळी ठरला असता. स्वखुशीने जाणाऱ्या गिर्यारोहकाच्या मृत्यूला ते नाव देता येत नाही. शिवाय ज्यांच्यावर सक्ती नव्हती त्या चार गाइडांनी १९३६ मध्ये काय केले, हे सर्वांनी पाहिले होते.

बंदी उठल्यावर कड्यावर वेड्यासारखी झुंबड उडाली, असे झाले नाही. उलट १९३७ च्या ऑगस्टमध्ये आयगरच्या इतिहासातली सर्वांत शहाणी चढाई झाली, आणि ती अपुरी चढाई होती. लुडविग फ्योर्ग आणि माथियास रेबिच यांनी त्या आडव्या खडकावर दोर बांधलेला ठेवला, ‘मृत्यूच्या मुक्कामा’च्या वरपर्यंत गेले, हवा बिघडताच मागे फिरले आणि जिवंत खाली आले. इतक्या उंचीवरून परतलेले ते पहिलेच. परतीची वाट मोकळी ठेवून चढायचे, हा धडा कुर्त्सच्या तुकडीच्या मृत्यूतून त्यांनी घेतला होता. बंदी टिकली असती तर हे ज्ञान उघडपणे एकाकडून दुसऱ्याकडे गेले नसते. चोरून चढणारे चोरूनच चुकले असते. तरीही धोका होताच. जून १९३८ मध्ये बार्तोलो सांद्री आणि मारियो मेंती हे दोन इटालियन तरुण कड्याच्या खालच्या भागातच मरण पावले.

त्यानंतर महिन्याभरात कडा सर झाला. २१ जुलै १९३८ रोजी ऑस्ट्रियाचे फ्रिट्झ कास्पारेक आणि हाइनरिश हारर निघाले. त्यांच्यामागून निघालेल्या म्युनिकच्या आंडर्ल हेकमायर आणि फ्योर्ग यांनी त्यांना गाठले. हेकमायरकडे पुढेही दोन दाते असलेले बुटाला बांधायचे नवे बारा दात्यांचे क्रॅम्पॉन होते. हारर यांच्याकडे क्रॅम्पॉन नव्हतेच. वरच्या भागात हेकमायर सतत पुढे राहिला. पांढऱ्या कोळ्यात हिमलोटांचा मारा सोसून चौघे एका दोरावर, २४ जुलैला दुपारी साडेतीनच्या सुमारास वादळातच माथ्यावर पोहोचले.

त्याच वर्षी मार्चमध्ये जर्मनीने ऑस्ट्रिया गिळला होता. दोन जर्मन आणि दोन ऑस्ट्रियन एका दोरावर माथ्यावर गेले, हे नाझी प्रचाराला आयते हाती आले. ब्रेस्लाउच्या क्रीडामेळाव्यात हिटलरने चौघांची भेट घेतली, छायाचित्रे काढली गेली. हारर तर नाझी पक्षाचे आणि एसएसचे सदस्य होते. माणसाने आपल्या जिवाचा धोका स्वतः पत्करावा हे एक, आणि राज्याने तो पदके, मिरवणुका, वंशाभिमान यांच्या आमिषाने पत्करायला लावावा हे दुसरे. १९३६ मध्येही आयगर चढणाऱ्यांना ऑलिंपिकचे सुवर्णपदक मिळेल अशी बोलवा होती. बंदी घालणारे राज्य आणि उत्तेजन देणारे राज्य यांत दुसरे अधिक घातक, हे त्या दशकाने दाखवले. हारर १९३९ मध्ये नंगा पर्बतच्या मोहिमेवर हिंदुस्थानात आले. युद्ध पेटताच इंग्रजांनी त्यांना पकडून अहमदनगरच्या बंदिछावणीत ठेवले. पुढे डेहराडूनच्या छावणीतून १९४४ मध्ये ते निसटले आणि तिबेटात गेले. आयगरच्या इतिहासावरचे त्यांचे ‘पांढरा कोळी’ या नावाचे पुस्तक त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आले.

१९३७ च्या ठरावाची खरी कसोटी वीस वर्षांनी लागली. ऑगस्ट १९५७ मध्ये इटलीचे क्लाउदियो कोर्ती आणि स्तेफानो लोंगी, आणि जर्मनीचे ग्युंटर नोटडुर्फ्ट आणि फ्रान्झ मायर कड्यावर अडकले. हवा आणि कड्याची स्थिती पाहून ग्रिंडेलवाल्डच्या बचाव केंद्राने पथक पाठवण्यास नकार दिला. ठरावाने त्यांना तो अधिकार दिलेलाच होता. तेव्हा थून आणि आसपासचे स्विस, म्युनिकचे जर्मन, फ्रान्सचे लिओनेल तेरे, इटलीचे रिकार्दो कासिन असे कितीतरी लोक बातमी ऐकून स्वतःहून आले. लोखंडी तारेचे रहाट माथ्यावर वाहून नेले गेले. आल्फ्रेड हेलेपार्ट हा म्युनिकचा माणूस त्या तारेला बांधून शेकडो मीटर कड्यावर खाली सोडला गेला, आणि कोर्तीला पाठीवर बांधून त्याने वर आणले. उत्तर कड्यावरून माथ्याकडून झालेली ही पहिली सुटका.

लोंगीपर्यंत मात्र पोहोचता आले नाही. तो एका अरुंद खाचेवर, मदतीला हाका मारत, दोराला अडकून मेला आणि त्याचा देह १९५९ पर्यंत तिथेच लटकत राहिला. क्लाइने शायडेगच्या दुर्बिणींत नाणी टाकून प्रवासी तो पाहत असत. कड्यावर चढणाऱ्यांना विकृत म्हणणाऱ्या लोकमताने दुर्बिणींपुढच्या या गर्दीविषयी फार थोडे म्हटले. दोन जर्मनांचा पत्ता नव्हता. कोर्तीने त्यांचा घात केला असा संशय वर्षानुवर्षे घेतला गेला. १९६१ मध्ये त्यांचे देह पश्चिमेच्या उतारावर सापडले. ते कडा चढून माथ्यावर पोहोचले होते आणि खाली मदत आणायला उतरताना थकून गोठले होते. कोर्तीवरचा डाग धुऊन निघाला.

ग्रिंडेलवाल्डच्या गाइडांवर १९५७ नंतर बोचरी टीका झाली. ती अन्यायाची होती, असे त्यांच्या पूर्वीच्या पिढीने लिहिलेले पत्र आठवले की म्हणावे लागते. एका गटाने नकार दिला, दुसऱ्या गटाने जोखीम उचलली. दोघांनाही आपला निर्णय घेण्याचा सारखाच हक्क होता. टीकेची धार बोथट झाली ती मुख्यतः यंत्रामुळे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून हेलिकॉप्टरने थेट कड्यावरून माणसे उचलली जाऊ लागली. जिथे पूर्वी पन्नास माणसांनी दोन दिवस जीव टांगणीला लावावा लागे, तिथे आता बहुतेक वेळा वैमानिक, तारेला लटकणारा बचावकर्ता आणि डॉक्टर एवढ्यांनी काम होते. स्विस हवाई बचावसंस्था ‘रेगा’ लोकांच्या वर्गण्यांवर चालते, आणि वर्गणीदाराला सुटकेचा खर्च माफ होऊ शकतो. त्यामुळे खर्चाचा बोजा स्वेच्छेने वाटला जातो. सुटका सोपी झाल्याने बेफिकिरी वाढते, असा आक्षेप तेव्हापासून घेतला जातो, आणि त्यात तथ्य आहे. फ्रान्समधल्या सें-जर्व्हेच्या महापौरांनी २०२२ मध्ये मों ब्लांच्या वाटेवर येणाऱ्यांकडून सुटका आणि अंत्यसंस्कार यांच्या खर्चापोटी १५,००० युरो अनामत घ्यावी असे सुचवले, ते याच वैतागातून. पण पैशाची अशी अट घातली की डोंगर पुन्हा ऐपतदारांचा होतो, आणि म्युनिकहून सायकलवर आलेले श्मिड बंधू पहिल्याच चौकीवर अडतात.

आयगरच्या उत्तर कड्यावर १९३५ पासून साठाहून अधिक माणसे मेली आहेत. त्याच कड्यावर २०१५ मध्ये उली श्टेक एकटा दोन तास बावीस मिनिटांत चढून गेला. आज तिथे जायला परवाना लागत नाही. स्वित्झर्लंडच्या संसदेने २०१० मध्ये धोकादायक मैदानी उपक्रमांविषयी जो कायदा केला आणि जो २०१४ पासून अमलात आला, तो पैसे घेऊन दुसऱ्यांना नेणाऱ्या गाइडांना आणि संस्थांना लागू आहे. त्यांच्याकडे परवाना हवा, प्रशिक्षण हवे आणि विमा हवा. दुसऱ्याच्या जिवाची जबाबदारी घेणाऱ्याला राज्याने बांधले आहे आणि स्वतःच्या दोरावर जाणाऱ्याला मोकळे सोडले आहे. वादळात हेलिकॉप्टर उडवायचे की नाही, हे वैमानिक ठरवतो.